काटकसर कोणाच्या ताटांतून?

घरांत कमाई नाहीं, आणि अशा वेळीं घरच्या बाईस दिवस गेले आहेत असें कळतें. हा प्रसंग आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस नवा नाहीं. कारखान्यानें कामावरून काढलेला तरुण गांवीं परत आला आहे, किंवा पाऊस न झाल्यामुळें शेतमजुरीच मिळेनाशी झाली आहे. थोरलीं लेंकरें शाळेंत आहेत. किराण्याच्या दुकानाची उधारी वाढली आहे. आणि ज्या लेंकराची कोणी वाट पाहिली नव्हती तें येऊं घातलें आहे. अशा घरीं आनंदाचे शब्द ऐकूं येत नाहींत. नवरा गप्प बसतो, सासू "आतां कसें व्हायचें" म्हणून कपाळास हात लावते, आणि बाई अपराध्यासारखी खालीं पाहते. या घरानें पैशाच्या बाबतींत काय करावें असा प्रश्न उपदेशक बंधूंपैकीं पुष्कळांस विचारला जातो, आणि त्याचें उत्तर बहुधा एकाच शब्दांत दिलें जातें, कीं काटकसर करा. उत्तर चुकीचें नाहीं, पण अपुरें आहे. काटकसर करावी हें गरिबाला शिकवावें लागत नाहीं. ती कोणाच्या ताटांतून करावी हा खरा प्रश्न आहे, आणि तो जितका व्यवहाराचा तितकाच नीतीचा आहे.

आमच्या घरांतून जेवणाचा जो क्रम चालत आला आहे तो कोणीं लिहून ठेविलेला नाहीं. तरी लिहिलेल्या कायद्याहून तो अधिक कडक पाळला जातो. आधीं पुरुष, मग लेंकरें, मग सासू, आणि शेवटीं रांधणारी. सुगीच्या दिवसांत या क्रमानें विशेष बिघडत नाहीं, कारण टोपल्यांत भाकरी उरते. हात आखडला म्हणजे मात्र तूट नेमकी शेवटच्या ताटांत येते. कालवण संपलेलें असतें. मग भाकरी, मिरची आणि मीठ. दूध डेअरीला गेलेलें असतें, अंडीं बाजारांत गेलेलीं असतात. "तूं खाऊं नकोस" असें तिला कोणी म्हणत नाहीं. तीच म्हणते, "मला भूक नाहीं." हें खरें नाहीं हें घरांत सर्वांस ठाऊक असतें, आणि सर्व जण तें खरें धरून चालतात. त्यांत भर म्हणून, पोटभर खाल्लें तर बाळ मोठें होऊन सुटका अवघड होते, अशी एक समजूत जुन्या बायका सांगत असतात. म्हणजे जें दारिद्र्यानें काढून घेतलें त्यावर शहाणपणाचा शिक्का बसतो.

कोणी म्हणेल कीं, ती आपखुशीनें त्याग करिते, आईच ती. त्याग हा मोठा गुण आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु मनुष्याला त्याग आपल्या मालकीच्या वस्तूचाच करितां येतो. शेजाऱ्याचें धान्य दान करून कोणी दानशूर होत नाहीं. गरोदर बाई आपल्या ताटांतून जें काढून देते तें तिच्या एकटीचें नसतें. ज्याला अद्याप मागावयास तोंड फुटलें नाहीं त्याचा वांटा त्यांत असतो. तिला तो देऊं देणारे जे आम्ही, त्या आम्हांस तो घेण्याचा अधिकार कोणीं दिला? घरांत चार तोंडें बोलणारीं व एक मुकें असेल, तर मुक्याचा घास आधीं कमी करावा असें नीतीचें कोणतेंहि शास्त्र सांगत नाहीं.

शिवाय ही बचत बचतच नव्हे. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मन सैन्यानें हॉलंड देशाच्या पश्चिम भागांत अन्न जाण्याच्या वाटा अडविल्या, आणि तेथील शहरांत माणशीं रोजचें अन्न नेहमींच्या निम्म्याहूनहि खालीं आलें. मे १९४५ मध्यें सुटका झाली व लोक पुन्हां पोटभर जेवूं लागले. उपास थोड्या महिन्यांचा होता. परंतु त्या महिन्यांत जीं बाळें आईच्या पोटांत होतीं त्यांचा मागोवा वैद्यांनीं पुढें कित्येक वर्षें घेतला. तीं माणसें पन्नाशीला आलीं तेव्हां त्यांच्या रक्तांत साखर वाढण्याची खोड इतरांहून अधिक आढळली, आणि ज्यांच्या आयांवर गर्भाच्या पहिल्या महिन्यांत उपास आला होता त्यांच्यांत हृदयाचे विकार अधिक दिसले. आईच्या ताटांतून वांचविलेली भाकरी पन्नास वर्षांनीं दवाखान्यांत व्याजासह फेडावी लागली.

आपल्याजवळचें उदाहरणहि आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची पाहणी केली. त्या खेड्यांतील बाळांचें जन्मवेळचें वजन सरासरीनें सुमारें २.७ किलो भरलें. विलायतेंत तें साडेतीनच्या आसपास असतें. परंतु आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. ज्या मातांच्या जेवणांत पालेभाज्या, फळें व दूध वारंवार येत असे त्यांचीं बाळें अधिक भरलेलीं निघालीं. दूध व फळें महाग आहेत हें खरें. पण तांदुळजा, घोळ, अंबाडी, शेवग्याचा पाला यांस कोठें पैसे पडतात? बांधावर उगवणारी भाजी तिच्या ताटांत नसेल, तर त्याचें कारण नेहमीं दारिद्र्यच असतें असें नाहीं. कित्येक घरीं ती भाजी केलेली असते. तिच्यापर्यंत पोंचत नाहीं, इतकेंच.

अंगणवाडीचेंहि असेंच होतें. १९७५ सालीं ही योजना सुरू झाली. आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानें गरोदर बाईस रोज ६०० कॅलरीचा व १८ ते २० ग्रॅम प्रथिनांचा आहार ठरवून दिला. पाकीट घरीं आलें म्हणजे सर्वांचें होतें. लेंकरें भोंवतीं जमतात, आणि आईच्या हातून आधीं त्यांना वाढलें जातें. महाराष्ट्र सरकारनें २०१५ मध्यें आदिवासी भागांत डॉ. अब्दुल कलाम यांच्या नांवानें जी अमृत आहार योजना काढली, तींत गरोदर बाईनें एक वेळचें गरम जेवण अंगणवाडींतच बसून जेवावें असें ठेविलें आहे. ज्यानें कोणीं ही युक्ति सुचविली त्याला आमच्या घरांची चांगली माहिती असली पाहिजे.

मग हात आखडावा कोठें? जागा पुष्कळ आहेत, पण त्या दिसणाऱ्या आहेत, म्हणून तेथें हात जात नाहीं. डोहाळजेवणाला आणि बारशाला गांव जेवूं घालावें लागतें असें म्हणतात. कोणीं सांगितलें? तंबाखू, विडी, चहाच्या टपरीवरची बैठक, मोबाइलचा रिचार्ज, ही यादी आम्ही वाढवीत नाहीं. ज्याची त्याला ठाऊक आहे. मोठा खर्च असतो तो खाजगी दवाखान्याचा, आणि त्यांतला पुष्कळसा केवळ नांवाकरितां केला जातो. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखालीं सरकारी दवाखान्यांत बाळंतपण मोफत आहे. पोट फाडून करावें लागलें तरी मोफत. औषधें, तपासण्या, रक्त लागल्यास रक्त, राहण्याच्या दिवसांचें जेवण, घरून नेणें व परत पोंचविणें, तसेंच आजारी तान्ह्या बाळाचे उपचार, यांस पैसे द्यावयाचे नाहींत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस डॉक्टरांकडून मोफत तपासणी ठेविली आहे. सरकारी दवाखान्यांत कधीं बोलणीं खावीं लागतात, कधीं औषध संपलेलें असतें. हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्याला उपाय म्हणजे कोणी खमक्या माणसानें बरोबर जाणें. शेत गहाण टाकणें हा त्याला उपाय नव्हे.

कर्जाविषयीं थोडें सविस्तर लिहावें लागेल. बीड, जालना, अहिल्यानगर या बाजूंचीं पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल मिळते ती नवराबायकोच्या जोडीवर. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. दिवाळीच्या सुमारास गाडी भरून जावयाचें आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परतावयाचें. बेकार घरांत मूल येणार म्हणून पैसा हवा असतो, आणि तो सर्वांत लवकर मुकादमाकडे मिळतो. परंतु बाळंतपण त्याच हंगामांत येणार असेल, तर ही उचल घेणें म्हणजे बाईचे दिवस भरत आलेले असतांनाचे कष्ट आधींच विकून टाकणें होय. ती एक दिवस बसली तर खाडा धरला जातो. खाडे वाढले तर उचल फिटत नाहीं, आणि पुढच्या सालीं तीच उचल मानेवर राहते. म्हणून ती बसत नाहीं. मोळी डोक्यावर घेऊन ती ट्रकवर चढते. बीड जिल्ह्यांत ऊसतोड करणाऱ्या हजारों बायकांचीं गर्भाशयें काढलेलीं आहेत असें उघडकीस आलें, तेव्हां २०१९ सालीं राज्य सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली. त्या शस्त्रक्रियांचीं कारणें अनेक होतीं. परंतु खाड्याचा हिशोब हें त्यांतील एक होतें यांत आम्हांस शंका नाहीं. ज्या हिशोबांत बाईचें शरीर हें अडचण म्हणून मांडलें जातें तो हिशोब शेवटीं कोठें जातो हें तेथें दिसलें.

तेव्हां मूल हंगामांत येणार असेल तर त्या सालीं जोडीवर उचल घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. जाणें टळतच नसेल तर माता-बाल संरक्षण कार्ड लुगड्याच्या घडींत बांधून बरोबर न्यावें. फडाजवळच्या आरोग्यकेंद्रांत तें दाखवितां येतें. पैसा लागलाच तर बचत गटाचें कर्ज सावकाराच्या कर्जाहून बरें, कारण तेथें व्याज उघड असतें. घरीं शेळ्या असतील तर बोकड विकावा, दुभती राखावी.

आतां लाजेविषयीं. पुष्कळ घरें हक्काचें असूनहि घेत नाहींत, कारण घेणें म्हणजे भीक असें त्यांस वाटतें. विशेषतः ज्याची नोकरी गेली आहे त्या पुरुषाला हें फार बोंचतें. येथें भीक आणि हक्क यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. जें देणाऱ्याच्या मर्जीवर आहे ती भीक. जें रोखून धरण्याचा त्याला अधिकारच नाहीं तो हक्क. आमच्या वाचकांस सरवा ठाऊक आहे. मोशेच्या नियमशास्त्रानें शेतकऱ्याला शेताच्या कडा कापूं नयेत व पडलेलीं कणसें वेचूं नयेत असें बजाविलें, तें गरीब व परके यांच्याकरितां. रूथ बवाजाच्या शेतांत सरवा वेंचावयास गेली तेव्हां ती भीक मागत नव्हती. जें मालकाला उचलण्याची मनाई होती तें ती उचलीत होती.

आमच्या प्रांतांतहि या विचाराला जुना आधार आहे. १९२८ सालीं मुंबई कायदे कौन्सिलापुढें कारखान्यांतील स्त्रियांस बाळंतपणांत पैसे मिळावे असें बिल आलें असतां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधीं व नंतर आईला विसांवा मिळणें हें सर्व राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून त्या खर्चाचा पुष्कळसा भार सरकारनें उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ सालीं कायदा झाला. शेतावर राबणाऱ्या बाईला त्यांतून कांहीं मिळालें नाहीं. तिला नेमका असा एक मालक नव्हताच. तिचा हक्क देशाच्या कायद्यांत यावयास २०१३ साल उजाडलें. अन्न सुरक्षा कायद्यानें नोकरीची अट न घालतां गरोदर बाईस निदान ६,००० रुपये देऊं केले. २०१७ सालीं जी मातृ वंदना योजना आली तिनें मात्र पहिल्या बाळंतपणापुरते ५,००० धरले, उरलेले जननी सुरक्षा योजनेच्या पैशांतून पुरे होतील असें सांगितलें. आणि २०२२ पासून दुसरें अपत्य मुलगी झाल्यास ६,००० ठेविले. कायद्याचे सहा हजार योजनेंत येतांना असे कां आटले, हें कोडें आम्हांस सुटत नाहीं. आणि अनपेक्षित मूल तर बहुधा तिसरें किंवा चौथें असतें! त्याच्या आईला भूक लागत नाहीं असें सरकारास वाटतें काय? तरी मोफत बाळंतपण आणि अंगणवाडीचा आहार यांस अपत्यांची मोजणी नाहीं, हें तिला अवश्य सांगावें.

येथें आमच्या लोकांची एक निराळी अडचण आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळें ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांस अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाहीं, आणि कित्येक बायका कचेरींत तेवढें ऐकूनच परत फिरतात. परत फिरूं नये. दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रक, ई-श्रम कार्ड, किंवा वर्षाचें उत्पन्न ८ लाखांहून कमी असल्याचा दाखला, यांपैकीं एक असलें तरी मातृ वंदना योजनेस पुरतें. मात्र नोंद लवकर करावी. नजर लागेल म्हणून, किंवा लोक हंसतील म्हणून, पोट दिसेपर्यंत लपविणें हें या सर्व प्रकरणांत फार महाग पडतें. रक्त वाढविण्याच्या गोळ्याहि तितक्या उशीरां सुरू होतात.

ज्याला काम नाहीं त्या नवऱ्याविषयीं आम्हांस अधिक सहानुभूति वाटते. मजुरी गेली म्हणजे आपली किंमतच गेली असें त्याला वाटतें, आणि तो पारावर जाऊन बसतो. परंतु त्याच्याजवळ एक धन आहे, जें कमावत्या पुरुषाजवळ नसतें. तें म्हणजे दिवसाचे आठ तास. विहिरीवरून पाणी तो आणूं शकतो. सरपण तो फोडूं शकतो. न्हाणीच्या सांडपाण्यावर तो चार वाफे भाजी आणि एक शेवगा लावूं शकतो. ९ तारखेला तो तिला घेऊन जाऊं शकतो आणि रांगेंत तिच्याऐवजीं उभा राहूं शकतो. यांतील प्रत्येक गोष्टीनें बाईच्या अंगांतील शक्ति वांचते, आणि अन्न कमी असतां वांचलेली शक्ति म्हणजे अन्नच होय. पुरुष डोक्यावर हंडा घेऊन चालला तर गांव हंसतें हें आम्हांस माहीत आहे. गांव हंसतें, पण बाळंतपणाचें बिल भरावयास येत नाहीं.

"काम नसतांना मूल कशाला होऊं दिलें?" हा प्रश्न घराबाहेरचे लोक मोठ्या आवेशानें विचारतात, आणि तो नेहमीं बाईलाच विचारला जातो, जणूं ती एकटीच त्याला कारण आहे. प्रश्न पुढच्या वेळेसाठीं योग्य आहे. त्याबद्दल आशाताईकडे नवराबायकोंनीं दोघांनीं जावें, आणि नसबंदी पुरुषालाहि करितां येते, ती बायकांच्या शस्त्रक्रियेहून सोपी आहे, हेंहि ऐकून घ्यावें. परंतु आलेल्या वेळेस त्या प्रश्नाच्या उत्तरानें कोणाचेंहि पोट भरत नाहीं. मूल येण्याला कोण जबाबदार आणि आलेल्याला जगविण्यास कोण जबाबदार, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. विहिरींत पडलेल्याला आधीं वर काढतात. तो पाय घसरून पडला कीं निष्काळजीपणानें, याची चौकशी मागून होते.

खर्चाच्या भीतीनें कांहीं घरें गांवठी काढे, दुकानांतून चोरून आणलेल्या गोळ्या, किंवा सुईणीचे हात यांकडे वळतात. गर्भपाताच्या नीतीचा प्रश्न गहन आहे. तो आम्ही येथें हातीं घेत नाहीं. पण १९७१ च्या कायद्यानें तें काम फक्त नोंदलेल्या डॉक्टरानें मान्यताप्राप्त ठिकाणींच करावयाचें आहे, आणि चोरट्या उपायांनीं बायका मरतात, हें तरी लपवूं नये. तसेंच, सर्व करूनहि बाळ सांभाळणें शक्य नाहीं असें कोणास वाटलें तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणें जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे तें सोंपवितां येतें, व विचार बदलण्यास ६० दिवस मिळतात. उपदेशकास हें ठाऊक असावें; म्हणजे उकिरड्यावर किंवा देवळाच्या पायरीवर लेंकरूं ठेवण्याची पाळी कोणावर येणार नाहीं.

राहिली मंडळीची मदत. ती द्यावी यांत वाद नाहीं. कशी द्यावी यांत आहे. भजनानंतर नांव पुकारून दिलेले पांचशे रुपये घेतांना जी मान खालीं जाते ती पुढें महिनाभर वर येत नाहीं, आणि ती बाई मंदिरांत येण्याचें सोडते. दुसरें, पैसे कोणाच्या हातांत द्यावयाचे? इंग्लंडांत एलिनॉर रॅथबोन नांवाच्या बाई मुलांच्या संगोपनासाठीं सरकारानें कुटुंबांस भत्ता द्यावा म्हणून कित्येक वर्षें झगडल्या. १९४५ सालीं तो कायदा होत असतां पैसे बापाच्या हातीं द्यावयाचे असें घाटत होतें. रॅथबोनबाईंनीं हट्ट धरला, आणि ते आईच्या हातीं पडले. आमच्या पंचांनींहि तोच नियम ठेवावा. रोख देण्यापेक्षां शेंगदाणे, गूळ, डाळ व अंडीं द्यावींत. तीं पंचाच्या बायकोनें न्यावींत, दुपारीं, घरांत गर्दी नसतांना. तिनें लगेच परत फिरूं नये. दोन अंडीं उकडावींत, आणि ती खाईपर्यंत चुलीपाशीं बसून इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलाव्यात.